कुशावतीचा कातळ, वरून पाहिलेला

मडगाव सोडून केपे आणि तिळामळ मागे टाकलं की रिवणच्या पुढे खाणींची लाल माती दिसायला लागते. तिथून झाडीत उतरलं की कुशावती नदीचा काठ लागतो आणि पायाखाली जांभ्याचा सपाट कातळ येतो. या जागेला कुणी उसगाळीमळ म्हणतं, कुणी पणसायमळ. बैल, हरणं, मोर, माणसं आणि तो प्रसिद्ध चक्रव्यूह, म्हणजे गोल भूलभुलैया, धरून शंभराहून अधिक आकृत्या इथे कोरलेल्या आहेत. १९९३ साली गावकऱ्यांकडून संशोधकांना या जागेचा पत्ता लागला, तोवर ती गाळाखाली होती. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली कातळशिल्पं गेली, त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गासोबत हीही जागा आहे.

मी गेले ते ड्रोनने सर्वेक्षण करणाऱ्या मैत्रिणीच्या गटासोबत. पुरातत्त्व खात्याची परवानगी हातात होती, नकाशावर हा भाग हिरव्या, म्हणजे ड्रोनला मोकळ्या, क्षेत्रात आहे हेही आधीच पाहून ठेवलेलं. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत उडवता येतं, पण आम्हाला एवढ्या उंचीची गरजच नव्हती.

राखणदार आम्हाला बघून बादली घेऊनच आले. "मातशें उदक मारतां बाय, बरें दिसतलें." पाहुण्यांसाठी ते कातळावर पाणी ओततात. ओल्या दगडावर रेघा गडद होतात आणि बैल एकदम उभा राहतो. मैत्रिणीने हात जोडून त्यांना थांबवलं. ओला कातळ चमकतो, आणि चमक प्रत्येक फोटोत जागा बदलते. मग एकावर एक फोटो जुळवणाऱ्या संगणकाला तोच बिंदू पुन्हा सापडत नाही. म्हणून कातळ कोरडा हवा आणि प्रकाश सगळीकडे सारखा. सूर्य झाडांच्या वर यायच्या आत, सावलीत, उड्डाण उरकायचं ठरलं होतं.

त्याआधीचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटलं. काळ्या-पांढऱ्या चौकटींचे फलक कातळाच्या कडेने मांडले, एकही खूण दगडावर न रंगवता. प्रत्येक फलकाचं स्थान जीपीएस उपकरणाने अगदी बारकाईने मोजलं. हे मोजमाप नसेल तर वरून काढलेला फोटो सुंदर असतो, पण नकाशा होत नाही. नंतर ड्रोन शेतात नांगर फिरावा तसा उभ्या-आडव्या ओळींत फिरला. प्रत्येक फोटोचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग पुढच्या फोटोत पुन्हा येईल, इतक्या दाट ओळी.

दुपारी लॅपटॉपवर पहिलं कच्चं चित्र उमटलं आणि मी गप्पच झाले. कातळावर उभं राहून मी एकेक आकृती वेगळी पाहिली होती. वरून त्या सगळ्या नदीच्या वळणासकट एका नजरेत आल्या. कोरणाऱ्यांनी पाण्याला लागून ही जागा का निवडली असेल, हा प्रश्न मला तेव्हा प्रथमच खराखुरा पडला. मैत्रिणीने चित्रातून दगडाचा रंग काढून टाकला, नुसता आकार ठेवला आणि पडद्यावरचा आभासी दिवा डावीकडून तिरपा लावला. डोळ्यांनी पुसट दिसलेल्या रेघा वर आल्या.

तरी ड्रोनवर सगळं सोपवू नये, असं माझं ठाम मत झालंय. खोदकाम उथळ आहे. पूर्ण कातळाचा नकाशा ड्रोन देतो, पण एकेका रेघेची खोली मोजायला गुडघ्यावर बसून हातातल्या कॅमेऱ्याने जवळून फोटो घ्यावे लागतात. आमच्या गटातल्या दोघांनी ते अख्खी दुपार केलं.

आणि हे एकदाच करून भागणार नाही. पावसाळ्यात नदी वर चढते, गाळ आणते, जांभा झिजतो, शेवाळ धरतो. दर पावसाळ्यानंतर त्याच बिंदूंवर, त्याच उंचीवरून पुन्हा मोजलं, तरच कुठे किती गेलं ते कळेल. रीलसाठी ड्रोन उडवणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, ही जागा त्यासाठी नाही.

परतताना चांदरला थांबलो. गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजांची ही जुनी राजधानी, चंद्रपूर. इतिहास संशोधक फादर हेरास यांनी १९२९ मध्ये इथे उत्खनन केलं होतं. मंदिराचा विटांचा पाया आणि डोकं तुटलेला नंदी पाहिला. ड्रोन बॅगेतच राहिला, परवानगी एकाच जागेची होती आणि ते योग्यच. पण 'कोट' नावाच्या या वाडीत घरं नि परसांच्या खाली जुन्या वस्तीचं काय काय पसरलं असेल, ते जमिनीवरून चालताना उमगत नाही. मैत्रीण चांदरसाठी वेगळा अर्ज करणार आहे, आणि मागते आहे मे महिना. गवत वाळलं की जमिनीचे उंचवटे उघडे पडतात, पाऊस आला की पुन्हा झाकले जातात.