व्हिडिओ साठवणं स्वस्त, दाखवणं महाग

शिकवणीचे व्हिडिओ शिक्षकांना अपलोड करता येतील आणि विद्यार्थ्यांना फुकट पाहता येतील, अशी सेवा आम्ही तिघांनी सुरू केली तेव्हा सगळी चर्चा डिस्कवरच्या जागेची असायची. जागेने नंतर कधीच फारसं छळलं नाही. छळलं ते व्हिडिओ पाहणाऱ्यापर्यंत पोचवण्याने.

१०८०पी, म्हणजे फुल एचडी दर्जाचा व्हिडिओ सेकंदाला ५ मेगाबिटच्या आसपास धरा. दहा मिनिटांचे होतात ३७५ एमबी. डिस्कवर ते एकदाच बसतात, पण हजार जणांनी पूर्ण पाहिले की ३७५ जीबी बाहेर जातात. आत येणाऱ्या डेटाचे क्लाउडवाले सहसा काही घेत नाहीत, बाहेर जाणारा मात्र मोजून घेतात. परीक्षा जवळ आली की प्रेक्षक वाढायचे आणि आमच्या पोटात गोळा यायचा. सीडीएन (प्रेक्षकांच्या जवळच्या सर्व्हरवर प्रती ठेवून तिथून पुरवणारं जाळं) लावल्यावर दर उतरला, पण मीटर चालूच.

दुसरी डोकेदुखी म्हणजे येणाऱ्या फायली. नावाला सगळ्या एमपी४, पण आत प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. एका शिक्षिकेच्या व्हिडिओत सुरुवातीला ओठ आणि आवाज नीट जुळत होते, शेवटाकडे मात्र त्या बोलून थांबल्या तरी आवाज सुरूच. कमी उजेडात फोन सेकंदाला फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, कमी घेतो, त्यामुळे फ्रेममधलं अंतर सारखं राहत नाही. ते सारखंच आहे असं धरून रूपांतर केलं की चित्र आणि आवाज यांची फारकत होत जाते. आता प्रत्येक फाइल आधी एफएफप्रोब या तपासणाऱ्या प्रोग्रॅममधून जाते, मगच रूपांतर करणाऱ्या एफएफएमपेगच्या हवाली होते.

बदलत्या नेटनुसार दर्जा वरखाली व्हावा म्हणून एकाच व्हिडिओच्या अनेक आवृत्त्या करून त्यांचे छोटे तुकडे पाडावे लागतात. सगळ्या आवृत्त्यांचे कीफ्रेम (ज्यांत अख्खं चित्र साठवलेलं असतं अशा फ्रेम) एकाच ठिकाणी हवेत, नाहीतर ४८०पी वरून ७२०पी वर जाताना चित्र अडखळतं. हे सगळं प्रोसेसर खातं. एव्ही१ हा कोडेक, म्हणजे व्हिडिओ आवळून लहान करण्याची पद्धत, २०१८ पासून आहे, रॉयल्टी नाही, फाइलही एच.२६४ या जुन्या, सर्रास वापरातल्या कोडेकपेक्षा बरीच लहान होते; पण एन्कोडिंगला, म्हणजे तसं आवळायला, वेळ कितीतरी जास्त लागतो. यूट्यूबने या कामासाठी स्वतःची चिप बनवली यात नवल नाही. आमच्यासारख्यांनी प्रत्येक व्हिडिओ एव्ही१ मध्ये करत बसणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी, कारण बरेचसे व्हिडिओ अपलोड करणाऱ्याशिवाय कोणी उघडतही नाही. म्हणून अपलोड होताच फक्त ४८०पी आणि ७२०पी तयार करायचं ठरवलं. एखादा व्हिडिओ चालायला लागला की मग वरचा दर्जा आणि एव्ही१.

पाहणाऱ्यांनीच एकमेकांना तुकडे पुरवायचे, ही पीअरट्यूब या मुक्त व्हिडिओ सॉफ्टवेअरची पद्धतही करून पाहिली. कल्पना सुरेख आहे. पण एकच व्हिडिओ एकाच वेळी पुष्कळ जण पाहत असतील तरच ती कामी येते, आणि आमचे विद्यार्थी आपापल्या सवडीने पाहणारे. शिवाय मोबाइल डेटावरच्या मुलाचं नेट दुसऱ्यासाठी खर्च करणं मनाला पटेना.

खरी बचत निघाली प्लेअरमध्ये. ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणाऱ्या एचएलएस.जेएस या लायब्ररीमध्ये कॅपलेव्हलटूप्लेअरसाइझ नावाचा पर्याय असतो आणि तो मुळात बंद असतो. तो चालू केल्यावर तळहाताएवढ्या चौकटीत १०८०पी पाठवणं थांबलं आणि कोणाचीही तक्रार आली नाही. पुढचा भाग आधीच भरून ठेवण्याची मर्यादा ३० सेकंदांची होती. लोक डोकावून निघून जातात आणि भरलेलं वाया जातं, म्हणून ती १० केली. त्यावर मात्र कमकुवत नेटवाल्यांनी चांगलंच सुनावलं. सध्या २० वर आहोत.

डाउनलोडचं बटण देऊ नये असं आमच्यातल्या एकाचं ठाम मत होतं. एवढ्या खर्चात आणखी भर कशाला? पण गणिताचा तोच धडा मुलं परीक्षेपर्यंत पुन्हापुन्हा पाहतात, आणि एकदा उतरवून घेतला की पुढच्या पाहण्यात आमचा एकही बाइट जात नाही. ४८०पी पुरतं बटण दिलंय.