पद्मिनीचं टायमिंग आणि सायलेन्सरमधले फटाके: माझा अनुभव

गाडी प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, पॉइंट-कंडेन्सरचं जुनं इग्निशन: पॉइंट नावाचा स्विच उघडला की ठिणगी पडते आणि कंडेन्सर त्या पॉइंटला जळण्यापासून वाचवतो. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की सायलेन्सरमधून फट-फट, चढावर दम नाही आणि टेम्परेचरचा काटा नेहमीपेक्षा वर. अशा वेळी बहुतेक जण आधी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवतात. मी तो शेवटपर्यंत हातात घेतला नाही आणि तेच बरोबर ठरलं, कारण टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, चुकलेलं असताना पेट्रोल-हवेचं मिक्श्चर लावलं तर ते चुकलेल्या टायमिंगशी जुळवलं जातं. पुढे टायमिंग नीट केलं की मिक्श्चर पुन्हा बिघडतं.

आधी आवाज कुठून येतो ते ठरवायचं. कार्ब्युरेटरच्या तोंडातून शिंकल्यासारखा येत असेल तर मिक्श्चर पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त), इनटेक व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा प्लगच्या वायरींची अदलाबदल झाली आहे. या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे. माझ्या गाडीचा आवाज मागून आणि फक्त रेस सोडल्यावर येत होता. पेट्रोलचा न जळलेला अंश सायलेन्सरपर्यंत पोचत होता आणि पेटायला लागणारी ताजी हवाही त्याला तिथे मिळत होती. म्हणजे शोधायच्या गोष्टी दोन.

हवेचा शोध सोपा. थंड इंजिन चालू केलं, जाड ओल्या फडक्याने टेलपाइप अर्धवट दाबला आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. मॅनिफोल्डला खालचा पाइप जोडतात त्या फ्लँजवर बुडबुडे आले. एक्झॉस्टमधला दाब सलग नसतो. दोन धक्क्यांच्या मध्ये तो खाली जातो आणि तेवढ्यात फट बाहेरची हवा आत ओढते. गॅस्केट बदललं, नट आवळले आणि गाडी एकदा तापून थंड झाल्यावर पुन्हा आवळले. दुसऱ्यांदा आवळणं टाळलं तर नवं गॅस्केटही महिन्याभरात फुंकायला लागतं.

फटाके निम्म्याने कमी झाले. दम मात्र नव्हताच.

मग डेल्कोचं, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं, झाकण काढलं. पॉइंट त्यातच असतो. पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा, दुसऱ्यावर उंचवटा. अशा पॉइंटमध्ये फिलर गेज घातला तर तो उंचवट्याला टेकतो आणि गॅप खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, म्हणून ड्वेल, म्हणजे पॉइंट किती अंश बंद राहतो ते, मोजणारा मीटर लावला. चार सिलिंडरच्या डेल्कोत प्रत्येकाच्या वाट्याला ९० अंश येतात, त्यातले साधारण ५५ ते ६० अंश पॉइंट बंद असायला हवेत. मीटरने ६८ दाखवलं. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजली होती, त्यामुळे गॅप कमी झाला होता आणि पॉइंट उशिरा उघडत होता. ड्वेल एक अंशाने वाढला की क्रँकवर (इंजिनाच्या मुख्य दांड्यावर) टायमिंग जवळजवळ एक अंशाने मागे पडतं. म्हणजे डेल्कोला कोणी हात न लावताही ठिणगी आठ-दहा अंश उशिरा पडत होती. उशिरा पेटलेलं मिश्रण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळतच राहतं, त्याची उष्णता पिस्टनऐवजी मॅनिफोल्डला मिळते. दम नसणं, काटा वर जाणं आणि फटाके, तिन्हींच्या मागे हे कारण होतं.

पॉइंट आणि कंडेन्सर जोडीने बदलले. तोंडावर असा खड्डा-उंचवटा वाढला की कंडेन्सरवर संशय घ्यावा, नुसता पॉइंट बदलला तर तो पुन्हा लवकर जळतो. लुकास पद्धतीच्या डेल्कोला गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवतात. पॉइंटची टाच कॅमच्या टोकावर असतानाच गॅप मोजायचा आणि कॅमला ग्रीसचा पुसट हात द्यायचा. ग्रीस जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसतं. नव्या पॉइंटवर ड्वेल ५८ आला, पण रेस वाढवली की पाच-सहा अंशांनी हलत होता. तीन अंशांपेक्षा जास्त हलला तर डेल्कोच्या शाफ्टचा बुश गेला असं समजावं. शाफ्ट बोटांनी आडवा हलवला तर खेळ हातालाच जाणवत होता. लेथवाल्याकडून ब्राँझचा बुश बसवून घेतला. ही पायरी गाळली असती तर पुढचं सगळं काम वाया गेलं असतं.

आता टायमिंग. एक नंबरचा प्लग काढून भोकावर बोट ठेवलं, गाडी चौथ्या गिअरमध्ये हळूहळू पुढे ढकलली. बोटाला दाब जाणवल्यावर पुलीची खूण मॅन्युअलमधल्या अंशावर आणून थांबवली. कॉइलच्या डेल्कोकडे जाणाऱ्या टर्मिनलवर १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावला, त्याचं दुसरं टोक अर्थला, इग्निशन चालू. डेल्कोचा क्लॅम्प ढिला करून बॉडी रोटर (आतला फिरता भाग) फिरतो त्या दिशेने फिरवली, दिवा विझला. मग उलट दिशेने अगदी सावकाश फिरवली आणि दिवा लागला त्या क्षणी क्लॅम्प आवळला. पॉइंट उघडतो तो हाच क्षण. पॉइंट बंद असताना इग्निशन फार वेळ चालू ठेवू नये, कॉइल तापते.

नंतर खुणेवर खडू लावून टायमिंग लाइटने तपासलं. डेल्कोला व्हॅक्यूमची नळी असेल तर ती काढून बुजवायची आणि आयडलिंग कमीत कमी ठेवायचं. रेस वाढवताना खूण न अडखळता पुढे सरकली पाहिजे. ती जागची हलत नसेल तर वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी डेल्कोतली वजनं जाम झाली आहेत. मग उभ्या गाडीचं टायमिंग बरोबर दिसतं आणि वेगात ते मागे राहतं.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागातला गॅप, हेही पाहिले, एक्झॉस्टचे दोन घट्ट निघाले. शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. त्या शिशाचा थर व्हॉल्व्हच्या सीटला आधार द्यायचा. आता जुन्या सीट खोल जातात आणि गॅप आपोआप कमी होतो. घट्ट टॅपेटचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही.

कार्ब्युरेटर अगदी शेवटी. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या भोकावर) मिश्रण पातळ पडतं. आयडलचा स्क्रू पाव आट्याने सैल केला आणि उरलेली फट-फट थांबली.

चढावर टॉप गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन ऐकलं. खडखड आली असती तर टायमिंग एक-दोन अंश मागे घेतलं असतं. सेल्फ मारताना इंजिनाने उलटा झटका दिला तरी तेच करावं लागतं. दोन्ही झालं नाही. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला भराभर बसते, म्हणून ५०० किलोमीटरनंतर ड्वेल पुन्हा मोजला. दोन अंश वाढला होता. गॅप परत लावला आणि टायमिंगही पुन्हा तपासलं.