आरएक्स 100 : रेस अखेर खाली बसली

बसली! माझ्या यामाहा आरएक्स 100 चं इंजिन चांगलं तापलेलं, सिग्नलला उभा, थ्रॉटल सोडलेला आणि स्लो एकदम स्थिर. नको असलेली हवा मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाच्या) मागून इंजिनात शिरत होती.

लक्षण असं होतं. थंड असताना सगळं झकास, गाडी तापली की थ्रॉटल सोडूनही रेस वरच लटकायची आणि मग आपोआप चढत जायची. कार्ब्युरेटर आधीच पूर्ण खोलून झाला होता : पायलट जेट (स्लोचं पेट्रोल देणारं बारीक भोकाचं जेट) उजेडाकडे धरून आरपार दिसेपर्यंत साफ, फ्लोटची उंची, नीडलची क्लिप, स्लाइडची झीज, केबलचा ढील, सगळं तपासलेलं. मॅनिफोल्डचं रबरही नवीन. तरी दीड फेरीवर असलेला एअर स्क्रू (स्लोच्या मिक्श्चरमधली हवा कमी-जास्त करणारा) पूर्ण आत घेतला तरी फरक शून्य, आणि चोक ओढला की रेस झटकन खाली. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की दिशा मिळते. पेट्रोल वाढवल्यावर इंजिन शांत होतंय, म्हणजे मिक्श्चर लीन आहे, त्यात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. एअर स्क्रूला दाद नाही, म्हणजे जादा हवा कार्ब्युरेटरच्या पुढे, इंजिनच्या बाजूला कुठेतरी घुसतेय.

एका गॅरेजात 'कार्ब्युरेटरच बदला' असं उत्तर मिळालं होतं. माझं मत ठाम आहे : स्लाइड आणि बॉडी घासलेली नसेल तर मूळ कार्ब्युरेटर टाकू नका. स्वस्त किटमधल्या जेटवर आकडा एक छापलेला असतो आणि भोक भलतंच निघतं.

मग प्रेशर टेस्ट केली. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (सिलिंडरखालचा, क्रँक फिरतो तो कप्पा) हवाबंद असावीच लागते, कारण मिक्श्चर आधी तिथेच ओढलं जातं. सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टवर रबरशीट आणि पट्टी आवळली, प्लग जागेवर ठेवला, मॅनिफोल्डच्या तोंडात नळी घातलेलं रबरी बूच बसवून क्लिप कसली. पंप म्हणून जुन्या बीपी मशीनचा फुगा आणि डायल. रीड (मिक्श्चर एकाच दिशेने सोडणारी पातळ पट्टी) आतल्या बाजूला उघडते, त्यामुळे इथून हवा भरली की रीडचं पॅकिंग, सिलिंडरखालचं बेस पॅकिंग आणि क्रँकच्या दोन टोकांची सील एकदमच तपासली जातात. डायल पाऱ्याच्या 250 एमएमपर्यंत नेली, म्हणजे 5 पीएसआयच्या जरा खाली. मिनिटाला 50 एमएमपेक्षा जास्त पडता कामा नये. इथे काटा बघता बघता खाली आला.

साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे लावलं. मॅनिफोल्ड कोरडा ठणठणीत, बेस पॅकिंगही ठीक. पुलर लावून मॅग्नेट काढला, कॉइल प्लेटची जागा मार्करने आखून तीही उतरवली. तिथल्या क्रँक सीलच्या खालच्या कडेला बारीक, पांढऱ्या बुडबुड्यांची रांग सतत फुटत होती. इंजिनवर स्प्रे मारून ही गळती सापडणं शक्यच नव्हतं, ती मॅग्नेटखाली झाकलेली असते.

सील बाहेर आलं तेव्हा त्याची लिप, म्हणजे क्रँकला टेकणारी रबरी कड, प्लास्टिकसारखी कडक झालेली होती, दाबली तरी वाकेना. क्रँकवर नख फिरवून पाहिलं, खाच नाही. पुण्याच्या नाना पेठेतून एनओके या जपानी कंपनीचं सील आणलं. सीलच्या बाबतीत पैसे वाचवू नयेत, असं मी प्रत्येकाला सांगतो. लिपला ग्रीस लावून त्याच व्यासाच्या सॉकेटने ते समपातळीत बसवलं. पुन्हा टेस्ट केली आणि काटा जवळजवळ हललाच नाही. तो क्षण मी बराच वेळ उपभोगला.

एअर स्क्रू आता पुन्हा ऐकतोय. पाव फेरी फिरवली की आवाज बदलतो. प्लग पांढरट होता, तो बिस्किटी रंगावर येतोय.

मोठा पायलट जेट घ्यायचाही बेत होता, तो मात्र सध्या थांबवतोय. ई20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे मिक्श्चर थोडं लीन होतंच, पण गळती बंद झाल्यावर आधी आहे त्याच जेटवर प्लगचा रंग पाहीन. त्याऐवजी लिहिता लिहिता दुसरंच सुचलं : एका बाजूचं सील इतकं कडक झालंय तर क्लचकडचंही त्याच वयाचं असणार. ते गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जातं आणि पांढरा धूर येतो. अजून धूर नाही, ऑइलची पातळीही उतरलेली नाही. तरी क्लच कव्हर उघडेन तेव्हा तेही बदलून टाकतो, पॅकिंग आजच मागवलं.

दोन सिलिंडरच्या यामाहा आरडी 350 वाल्यांनो, तुमच्याकडे दोन्ही सिलिंडर वेगवेगळे तपासा. दोन्हींच्या मधलं लॅबिरिंथ सील (रबरी लिप नसलेलं, खाचांचं) थोडी हवा पलीकडे सोडतंच, तेवढ्यावरून इंजिन उघडायला घेऊ नका.