तुम्ही विचारलंत म्हणून: पाडायच्या धरणामागचा गाळ कसा मोजतात?

‘धरण पाडायचं तर आत किती गाळ आहे, हे कळतं कसं?’ हा प्रश्न हमखास येतो. गाळाचा माथा मोजणं सोपं असतं. घोडं अडतं ते तळाशी, म्हणजे धरणाआधीच्या नदीपात्राशी.

माथ्यासाठी होडीवर इकोसाउंडर (ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र) आणि जीपीएस पुरतं. 200 किलोहर्ट्झच्या लहरी पातळ चिखलावरूनच परततात, त्याहून बऱ्याच कमी वारंवारतेच्या आत शिरतात, दोन्ही घ्याव्यात. आधी ठरावीक खोलीवर लोखंडी पत्रा सोडून यंत्र तीच खोली दाखवतंय ना, ते बघायचं.

जुन्या पात्राचा नकाशा मिळाला तर उत्तमच, पण त्यातल्या उंचीची संदर्भपातळी आजच्या पातळीशी जुळवून घ्या. अर्ध्या मीटरचा फरक राहिला, तर 10 हेक्टरच्या जलाशयात 50,000 घनमीटरची चूक झाली! नकाशा नसेल तर काठापासून काठापर्यंत आडव्या रेषा धरून पोलादी सळई अडेपर्यंत खुपसायची. ती बुडालेल्या ओंडक्यावरही अडते, म्हणून थोडं सरकून पुन्हा टोचायचं आणि हाताला काय लागतं ते ओळखायचं: रेतीत खरखर, दगडावर ठणका, लाकडावर बद्द. घट्ट वाळूत सळई फार जातच नाही. तिथे नळी घालून उभा नमुनाच काढावा लागतो.

फुगवट्याच्या टोकाला, म्हणजे नदी जलाशयात शिरते तिथे, पाणीपातळीच्या वरही गाळ साठतो. त्यावर झाडं उगवलेली असली की तो मोजायचा सर्रास राहून जातो.

आता घनमीटरचे टन करायचे. कायम पाण्याखालच्या चिकणमातीत घनमीटरला कोरडा माल ढोबळमानाने 416 किलो, वाळूत 1,550 किलो. हे टन नदी वर्षाला जितका गाळ वाहते त्याने भागायचे. उत्तर 1 वर्षाच्या आत असेल तर बहुधा नदीवर सोपवता येतं. 10 वर्षांच्या वर गेलं तर धरण टप्प्याटप्प्याने उतरवणं किंवा गाळ उपसणं यांचा हिशेब मांडावाच लागतो.

गाळ विषारी निघाला तर मात्र थोडकाही जड जातो. 1973 मध्ये अमेरिकेतल्या हडसन नदीवरचं फोर्ट एडवर्ड धरण काढल्यावर पीसीबी (कारखान्यांतलं विषारी रसायन) मिसळलेला गाळ खाली वाहून गेला. असली रसायनं बारीक कणांना चिकटतात, त्यामुळे वाळूचा नमुना स्वच्छ आला म्हणून खूश व्हायचं नाही. नमुना जुन्या पात्रापर्यंत घेऊन थराथराने तपासा. कारखान्यांच्या भरभराटीच्या काळातला थर कित्येकदा नव्या गाळाखाली दडलेला असतो.