पेटी, पट्टी आणि क्लास

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगचे बहुतेक कोर्स प्राण्यांपासून सुरू होतात. अ‍ॅनिमल नावाचा क्लास (एका प्रकारच्या गोष्टीची माहिती आणि काम एकत्र ठेवणारा कोडचा साचा), त्याचे उपप्रकार डॉग आणि कॅट. व्याख्या पाठ होते, पण धंद्याचा हिशेब लिहायला बसलं की ती कुत्री-मांजरं कामाला येत नाहीत. मी देवगडात आंबा बागायतदारांसाठी जावामध्ये हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिते. मला क्लास सापडले ते बागायतदारांच्या बोलण्यात.

"पेटीचो दर डझनावर ठरता, कॅनिंगचो किलोवर," एक काका म्हणाले. कॅनिंग म्हणजे डबाबंद रसासाठी जाणारा आंबा. पॉलिमॉर्फिझम, म्हणजे एकाच प्रश्नाला प्रत्येक प्रकारानं आपापल्या रीतीनं उत्तर देणं, त्यात अख्खा आला. पेटीविक्री आणि कॅनिंगविक्री हे दोन क्लास, पण इंटरफेस, म्हणजे बाहेरून विचारायचा प्रश्न, एकच: तुझी रक्कम सांग. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, बनवणारा कोड विक्री कुठल्या प्रकारची हे विचारतच नाही. उद्या कोणी घरपोच आंबा विकू लागलं तर तिसरा क्लास लिहायचा, पट्टीला हात लावायचा नाही.

ही पट्टी मुळात वाशीच्या बाजारातल्या दलालाकडून येते. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन हातात काय पडलं ते त्यात कळतं. पूर्वी आडत, म्हणजे दलालाचं कमिशनही कापलं जायचं. २०१६ मध्ये राज्यात फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम आला. एन्कॅप्सुलेशनचा, म्हणजे नियम एका क्लासच्या आत झाकून ठेवण्याचा, खरा उपयोग अशा वेळी कळतो. कपातीचे नियम एकाच क्लासमध्ये बंद असतील तर बदल तिथेच संपतो. तेच सूत्र प्रत्येक स्क्रीनवर वेगळं लिहिलेलं असेल तर एखादी स्क्रीन राहून जाते आणि बागायतदाराचे पैसे चुकतात. दोन-अडीच महिन्यांच्या हंगामावर ज्याचं वर्ष चालतं त्याच्याबाबत हे मला चालत नाही.

सॉफ्टवेअरचे तयार सुटे भाग असावेत, हा विचार संगणकतज्ज्ञ डग मॅकिलरॉय यांनी १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिशला भरलेल्या नाटोच्या सॉफ्टवेअर परिषदेत मांडला होता. अशा सुट्या भागाला कंपोनंट म्हणतात. माझा पावती छापणारा कंपोनंट वेंगुर्ल्याच्या एका काजू बी व्यापाऱ्याकडे जसाच्या तसा चालला, कारण त्याच्या कोडमध्ये 'आंबा' हा शब्दच नाही. त्याला फक्त नाव, ओळी आणि एकूण रक्कम लागते. कंपोनंट म्हणवणारा कुठलाही भाग मी आता याच कसोटीवर तपासते.

सध्या डोक्यात उचल आहे. हंगामाआधी दलालाकडून घेतलेले हे पैसे पुढच्या पट्ट्यांतून वळते होतात, कधी पुढच्या वर्षावर जातात. उचल पट्टीच्या क्लासमध्ये टाकणं सोपं आहे. पण ती पट्टीपेक्षा जास्त जगते, म्हणून तिला स्वतःचा क्लास देतेय.