नियम पाठ आहे, मग क्रियापद जागेवर का नाही?

पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, पेपरात 90च्या वर मार्क आहेत, व्याकरणाची वही बघाल तर एक चूक नाही. मग बोलायला लागली की हिचं क्रियापद भलतीकडेच कसं जातं?" पुण्यात जर्मन शिकवणाऱ्या बहुतेकांना हे ऐकावं लागतं. "येईल हळूहळू" असं म्हणून वेळ मारून नेता येते, पण तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आधी तुमची मुलगी जिथे चुकते ते वाक्य बघू. 'मी उद्या मुंबईला जातेय' हे जर्मनमध्ये 'इश फारं मॉर्गन नाख मुंबई'. इश म्हणजे मी, फारं म्हणजे जाते. इथे काही अडत नाही. पण 'उद्या' हा शब्द पुढे आणला की पंचाईत होते. जर्मनला क्रियापद दुसऱ्या क्रमांकाच्या जागेवरच लागतं, त्यामुळे कर्त्याला आपली जागा सोडून क्रियापदानंतर बसावं लागतं: 'मॉर्गन फारं इश नाख मुंबई'. तुमची मुलगी म्हणते 'मॉर्गन इश फारं'. तिला गाळलेल्या जागा भरायला द्या, एकही चुकणार नाही. नियम विचारा, तुम्हालाच समजावून सांगेल. आणि पुढच्या मिनिटाला सुट्टीत काय करणार विचारलं तर पुन्हा 'मॉर्गन इश फारं'.

हे तिचं एकटीचं नाही, आणि पुण्याचंही नाही. 1970च्या दशकात इटली, स्पेन आणि पोर्तुगालमधून जर्मनीत कामाला आलेल्या मजुरांची भाषा वुपर्टाल विद्यापीठातल्या मायझेल, क्लाझेन आणि पिनेमान या तिघांनी तपासली. 45 प्रौढांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांची वाक्यं सुटी करून पाहिली. या लोकांनी जर्मन शिकली ती मुख्यतः कामावर आणि बाजारात, म्हणजे पुस्तकातल्या धड्यांचा क्रम त्यांच्यावर कुणी लादलेला नव्हता. तरीही क्रम निघाला. सुरुवातीला सगळे कर्ता, क्रियापद, कर्म असं सरळ बोलत. मग 'उद्या', 'तिथे' असे शब्द वाक्याच्या पुढे यायला लागले, पण बाकीचं वाक्य होतं तसंच राहिलं. त्यानंतर जोडक्रियापदाचा दुसरा तुकडा शेवटी जायला लागला: 'इश मुस मॉर्गन नाख मुंबई फारन', मला उद्या मुंबईला जायचंय. कर्ता-क्रियापदाची अदलाबदल त्याच्याही नंतर आली. आणि 'की', 'कारण' असं म्हटल्यावर पोटवाक्यातलं क्रियापद अगदी टोकाला न्यायचं, ते सगळ्यांत शेवटी. कुणी भरभर पुढे गेलं, कुणी मधेच कायमचं थांबलं, पण मधली पायरी गाळून वरच्या पायरीवर कुणी सापडलं नाही. तुमची मुलगी म्हणते ते वाक्य या क्रमात दुसरं आहे. म्हणजे ती चुकतेय हे खरं, पण रस्त्यावरच आहे.

यावर पालकांचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "ते मजूर होते, त्यांना कुणी शिकवलं नव्हतं." बरोबर आहे. म्हणूनच पिनेमाननी म्युनिकमध्ये राहणाऱ्या इटालियन मुलांना ही अदलाबदल मुद्दाम वर्गात शिकवून पाहिली. तो अभ्यास 1984 साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांचा क्रियापदाचा तुकडा आधीच शेवटी जायला लागला होता, ती शिकवल्यावर पुढे सरकली, नुसत्या ऐकण्याने सरकली असती त्यापेक्षा लवकर. जी त्याच्या आधीच्या पायरीवर होती, त्यांना तेच शिकवून बोलण्यात काही फरक पडला नाही. शिकवण्याचा उपयोग होतो, पण लगेच पुढच्या पायरीसाठी. माझ्या सगळ्या धंद्याचा हिशेब या एका निष्कर्षात आहे, आणि आमची पाठ्यपुस्तकं मात्र ही अदलाबदल पहिल्याच काही धड्यांत आणतात.

असं का व्हावं? पिनेमाननी पुढे दिलेलं स्पष्टीकरण मला पटतं. बोलताना डोक्यात किती सामान एका वेळी धरून ठेवायचं, यावर सगळं आहे. इंग्रजीत 'टू बुक्स' म्हणताना 'टू' आणि 'बुक्स' शेजारी शेजारी आहेत, अनेकवचनाची खबर घरातल्या घरात पोचते. 'शी गोज' म्हणताना कर्ता कोण हे लक्षात ठेवून ती खबर वाक्याच्या दुसऱ्या भागात, क्रियापदापर्यंत न्यावी लागते. तो छोटासा 'स' पाचवीपासून पाठ असतो, आणि वीस वर्षं ऑफिसात इंग्रजी बोलणारा माणूसही घाईत 'माय बॉस से' म्हणून जातो. नियम सोपा आहे, बोलण्याच्या वेगात तो अमलात आणणं सोपं नाही. जर्मनमधली अदलाबदल पिनेमानच्या मांडणीत याच 'स'च्या पायरीवर बसते. पेपर सोडवताना वेळ असतो, खोडून पुन्हा लिहिता येतं. बोलताना समोरचा माणूस तुमच्या तोंडाकडे बघत असतो.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण जर्मनचं नाही. जॉन शूमान या अमेरिकन संशोधकाने अल्बर्टो हे टोपणनाव दिलेल्या, कोस्टा रिकाहून आलेल्या 33 वर्षांच्या माणसाचं इंग्रजी दहा महिने टिपलं. नकार देताना तो क्रियापदाच्या आधी नुसता 'नो' लावायचा आणि तिथेच अडकला होता. शेवटी त्याला नकाराचे नियम मुद्दाम शिकवले. सरावाची वाक्यं तो बरीच बरोबर करायला लागला. सहज गप्पा सुरू झाल्या की पुन्हा 'नो'. तुमच्या मुलीचे 90 मार्क आणि 'मॉर्गन इश फारं' यांत अल्बर्टोपेक्षा वेगळं काही नाही, एवढंच की तो थांबला आणि ती पुढे जाईल असं मला दिसतंय.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा क्रम म्हणजे काही रेल्वेचं वेळापत्रक नाही. 1974 साली डुले आणि बर्ट यांनी दाखवलं की स्पॅनिश आणि चिनी घरांतली मुलं इंग्रजीचे प्रत्यय जवळपास सारख्याच क्रमाने उचलतात, तेव्हा बरेच जण म्हणायला लागले की मातृभाषेचा काही संबंधच नाही. नंतर जपानी लोकांकडे पाहिलं तर त्यांना 'अ' आणि 'द' फार उशिरा येतात, कारण त्यांच्या भाषेत ती उपपदं नाहीतच. आपल्याकडेही नाहीत, म्हणून आपलीही तीच गत. जर्मनच्या बाबतीत तर जिनिव्हातल्या फ्रेंच भाषक शाळकरी मुलांनी पोटवाक्यातलं शेवटचं क्रियापद आधी पकडलं आणि ही अदलाबदल त्याच्याही नंतर, वुपर्टालच्या उलट. म्हणजे तुमच्या मुलीला जी गोष्ट छळतेय, ती शाळेत शिकणाऱ्यांना जास्तच छळते.

आणि आपण मराठी लोक? आपलं क्रियापद जन्मापासून शेवटी. जर्मनीत वाढणाऱ्या तुर्की मुलांचंही तसंच, आणि ती मुलं पोटवाक्यातलं क्रियापद रशियन मुलांपेक्षा सहज शेवटी नेतात. मग पुण्याच्या मुलांनी हे हसत हसत करायला हवं. करत नाहीत. माझं मत असं की आपण जर्मन शिकतो ती मराठीतून नाही, इंग्रजीतून. पुस्तकातल्या सूचना इंग्रजीत, शब्दार्थ इंग्रजीत, आणि मुलं वाक्यही आधी इंग्रजीत जुळवतात. हल्ली मी वर्गात सरळ मराठी बोलते. 'तो म्हणतो की त्याला वेळ नाहीये' हे वाक्य फळ्यावर मराठीत लिहिते आणि 'नाहीये' कुठे आहे ते विचारते. मागच्या बाकावरून "शेवटीच की!" येतं. त्यानंतर जर्मन वाक्य लिहायला सांगितलं तर बऱ्याच जणांचं क्रियापद आपण होऊन टोकाला जातं.

त्यानंतर एक मजा होते, आणि पालक तेव्हा हमखास फोन करतात. पोटवाक्य जमायला लागलं की मुलं 'उंट' म्हणजे 'आणि' या शब्दानंतरही क्रियापद शेवटी ढकलतात. अदलाबदल यायला लागली की जिथे ती नकोय तिथेही करतात. कालपर्यंत बरोबर येणारी वाक्यं चुकायला लागतात. घरात लहान मूल असेल तर आठवून बघा. आधी ऐकलेलं 'केलं' बरोबर म्हणणारं पोर मधेच काही दिवस 'करलं' म्हणतं, कारण आता त्याला नियम सापडलेला असतो. तुमच्या मुलीने असं काही सुरू केलं तर काळजी करू नका, मला कळवा, म्हणजे पुढचं शिकवायला घेता येईल.

घरी काय करायचं? दर वाक्याला अडवू नका. अडवलं की मुलं हुशारीने 'मॉर्गन'ने वाक्य सुरू करणंच सोडून देतात. चुका कमी होतात, भाषा मात्र आहे तिथेच राहते. त्याऐवजी ती म्हणाली 'मॉर्गन इश फारं', तर तुम्ही सहज विचारा, 'आख, मॉर्गन फेअर्स्ट डू?', अच्छा, उद्या जातेस? तुम्हाला एवढीच जर्मन आली तरी पुरेल.

दुरुस्त करायचंच असेल तर कोणती चूक आधी, हेही बघायला हवं. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून जर्मन शिकायची घाई वाढलीय, आणि नर्सिंग केलेल्या मुलींना परीक्षेची तारीख गाठायची असते. त्यांना मी क्रियापदाच्या जागेवरून फारसं टोकत नाही. 'मॉर्गन इश कोमं', म्हणजे उद्या मी येते, हे कुठल्याही जर्मन म्हाताऱ्याला कळतं. 'गोळी जेवणाआधी' आणि 'जेवणानंतर' यांची गल्लत मात्र चालत नाही. 'फोअर' म्हणजे आधी आणि 'नाख' म्हणजे इथे नंतर, हे दोन शब्द मी त्यांच्याकडून झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील इतके घटवून घेते.