विहीर कुणाच्या वाट्याला?

भाऊबीज, 23 ऑक्टोबर 2025. रात्रीचे साडेदहा.

मागच्या बाजूनं समृद्धी महामार्गावरच्या गाड्यांचा आवाज येतोय. आमच्या दोन एकरांवरून त्या जातात. माझी स्प्लेंडर तिथं चालत नाही, दुचाकीला बंदी. पूर्वी हे मी येईल त्या पाहुण्याला हसून सांगायचो. हल्ली पाहुणे येत नाहीत.

2017 साली महामार्गात जाणाऱ्या जमिनीला रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारी दराच्या, पाचपट दर मिळणार हे कळलं आणि आमच्या सिन्नर तालुक्यात घराघरांत बहिणींची आठवण झाली. माया दाटून आली म्हणून नव्हे, सातबाऱ्यावर त्यांची नावं होती म्हणून. वडील गेल्यावर वारसनोंदीत धाकटीचं नाव लागलं होतंच. खरेदीखताला तिची सही लागणार, रकमेतही हिस्सा निघणार. म्हणून त्याआधीच हक्कसोडपत्र. सगळे तेच करत होते, मीही केलं. तिला निबंधक कार्यालयात नेलं, फोटो, अंगठा, सही झाली, बाहेर टपरीवर चहा पाजला. येवल्याची पैठणी घेतली. "दादा, माहेर तेवढं राहू दे," म्हणाली. दुसरी अट नव्हती.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. दर 3 जानेवारीला सावित्रीबाईंवर भाषण करायचो. बरं करायचो, असं लोक म्हणत.

वर्षभरात दाजींच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. तिनं दोन लाख मागितले, तेही उसने. मी फोनवर म्हणालो, "सही दिलीस ना? मग आता कसला हिशोब?" तिनं हिशोब मागितलाच नव्हता. शेजारी माझी मुलगी बसली होती, तिनं ऐकलं. दाजी गेले तेव्हा दहाव्याला गेलो, पिंडाला कावळा शिवला आणि उठलो. त्यानंतर मुलगी सणाला यायची कमी झाली. शेवटचं आली तेव्हा विचारून गेली, "नाना, माझी सही कधी घेताय?"

यंदा उन्हाळ्यात ही गेली. तिचं कपाट आवरताना तळाशी तीच पैठणी निघाली, घडीही न मोडलेली. धाकटीनं कधीतरी ती परत पाठवली होती आणि हिनं मला कळू दिलं नव्हतं. किती वर्षं दडवली असेल, विचारायला आता कोण आहे?

वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, मुलाच्या नावानं बक्षीसपत्र केलंत तर 200 रुपयांच्या मुद्रांकात काम होतं, बहिणीला 3 टक्के पडतात. शिवाय जिरायतात 20 गुंठ्यांच्या आत तुकडा पाडता येत नाही. "एक एकर लिहा," मी म्हणालो. मला वाटलं, मोठं मन केलं.

आज अर्ध्या तिकिटात एसटीनं कोपरगावकडे गेलो. आधी फोन केला नाही. नको म्हणाली असती तर निघालोच नसतो.

दारात भाचेसून होती. तिनं मला ओळखलं नाही. धाकटीनं ओळखलं. पाणी दिलं, बस म्हणाली, भाकरी टाकली. वांग्याचं भरीत होतं. खोकला आहे का, शुगर किती, एवढंच बोलणं. देव्हाऱ्यापाशी ओवाळणीचं ताट मांडलेलं दिसलं आणि क्षणभर मला वेडी आशा वाटली. भाचेसून सहज बोलून गेली, "आत्याबाई बीजेला चंद्राला ओवाळतात." ज्यांना भाऊ नसतो त्यांची ही रीत. धाकटी भाकरी थापत राहिली.

मी कच्चा मसुदा पुढे केला. माफी मागायचं बसमध्ये घोकलं होतं, तोंडातून निघालं ते भलतंच, "वकिलानं करून दिलाय." तिनं चष्मा लावला. एकेका ओळीखाली बोट ठेवून सगळं वाचलं. मीच तिला पाटीवर शिकवलं होतं असं वाचायला.

मग वर बघून म्हणाली, "विहीर कुणाच्या वाट्याला?"

मी वरची मुरमाड पट्टी लिहिली होती. विहीर खाली, माझ्याकडे. खरं सांगतो, मुद्दाम नव्हतं केलं. पण सुचलंही नव्हतं, आणि ते जास्त वाईट. ती विहीर खोदली तेव्हा मी नाशकात डी.एड. करत होतो. घमेली तिनं वाहिली होती.

"कागद नीट करून आण," म्हणाली. पैठणी पिशवीत होती, ती काढायचा धीर झाला नाही. शेवटची गाडी साडेपाचला. ताट देव्हाऱ्यापाशी तसंच होतं.

उद्या वकिलाला फोन करायचा. विहिरीचा निम्मा हिस्सा, पाण्याची पाळी, मोटारीच्या बिलाचं काय, सगळं लिहून घ्यायचं. खालचीच पट्टी द्यावी का, तेही बघू. मुलाला अजून सांगितलेलं नाही.